चार अर्थांची माशी

संपादकांनी 'तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा' असा निरोप धाडला, तेव्हा मी उलट विचारलं, माझा धंदा कोणता ते तरी ठाऊक आहे का? त्यांना वाटत होतं मी उर्दूचा मास्तर. शेजाऱ्यांना वाटायचं फारसीचा. आमच्या सासूबाई तर जावई काय शिकवतो हा विषय निघाला की पानसुपारी पुढे करायच्या. खरी गोष्ट अशी, की पन्नासच्या दशकात चिंचवड स्टेशनजवळच्या एका लाकडाच्या वखारीवर खोली भाड्याने घेऊन मी फिटर, वायरमन, गवंडी, ड्रायव्हर अशा मंडळींना कामापुरती अरबी शिकवत होतो. तेव्हा अदन, बहारीन, कुवेत, बसरा इकडून माणसांना मागणी होती. मुंबईहून बोटीत चढण्याआधी चार शब्द कानावर पडलेले बरे, म्हणून लोक माझ्याकडे येत.

माझ्या वर्गाची एक गोष्ट सगळीकडे थट्टेचा विषय झाली होती. दुसरे मास्तर 'नमस्कार' आणि 'पाणी' यांपासून सुरुवात करतात, मी पुढे पुढे 'माशी' या शब्दापासून करायला लागलो. खाली वखारीतले हमाल मला 'माशीवाले मास्तर' म्हणत. मी ते मनावर घेतलं नाही. मात्र पहिला धडा माशीचाच का, हे मी विद्यार्थ्यांना कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

त्याआधी थोडं भाषेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. अरबी एक नाही. एक आहे ती ग्रंथांची. ती शाळेत शिकतात, व्याख्यानात आणि रेडिओवर बोलतात, पण जगातली कुठलीही आई लेकराला ती भाषा बोलून जेवू घालत नाही. दुसरी रस्त्यावरची, आणि ती तर गावागणिक निराळी. मी पुण्यात कॉलेजात जी शिकलो ती पहिली. शब्दाच्या शेवटी उ, इ, अ असे बारीक स्वर लावायचे, कर्ता कोण, कर्म कोण हे त्यावरून ओळखायचं, अशी ती कडक सोवळ्यातली भाषा. लढाईच्या काळात लष्कराने मला दुभाषा म्हणून कैरोला नेलं. पहिल्याच दिवशी मी भट्टीवाल्याला म्हणालो, "उरीदु खुब्ज़न." मला पाव पाहिजे. त्या बिचाऱ्याने हात पुसले आणि तो मान खाली घालून उभा राहिला. त्याला वाटलं, साहेब आता पुढचं काही पठण करणार. मंडईत जाऊन पोथीच्या भाषेत वांगी मागावीत तसं मी केलं होतं. कैरोत पावाला 'ऐश' म्हणतात, हे मला उपाशीपोटी शिकावं लागलं.

पुढे बसऱ्यात आणि शेवटी अदनला राहिलो. प्रत्येक ठिकाणी आधीचं निम्मं पुसून नवं शिकायचं. बसऱ्याकडे 'कसा आहेस' याला 'श्लोनक' म्हणतात. शब्दशः अर्थ, तुझा रंग कसा? माझ्या एका साताऱ्याच्या विद्यार्थ्याने तो अर्थ पक्का पाठ केला आणि तिथे गेल्यावर मुकादमाने 'श्लोनक' विचारताच प्रामाणिकपणे 'सावळा' म्हणून उत्तर दिलं. मुकादम दिवसभर हसत होता म्हणे. असल्या गमती मी वर्गात सांगायचो आणि हशा वसूल करायचो.

विद्यार्थ्यांना सगळ्यात छळणारं अक्षर म्हणजे क़ाफ. आपला 'क' जिभेच्या मागच्या भागाने निघतो, हा त्याच्याही मागून, पडजिभेपाशी काढायचा. ग्रंथात तो तसा आहे. अदन आणि त्याच्या मागच्या डोंगरातले लोक तो तसाच काढतात. कैरोवाले मात्र तो चक्क गिळतात. 'ऊठ' याला ग्रंथाच्या वळणाने 'क़ूम' म्हणाल, तर कैरोत नुसतं 'ऊम' ऐकू येतं, आधी घशात एक बारीक अडखळ. माणूस कुठला हे कपड्यावरून नाही कळलं, तरी क़ाफवरून कळतं. सहा-सहा महिने घसा खरवडूनही माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांना तो जमला नाही.

जमला तो किसनला. किसन चिंचवड गावठाणातला, पाइप फिटिंगचं काम करायचा. शेवटच्या बाकावर बसायचा आणि मी जे बोलेन ते माझ्याच आवाजात परत करायचा. आमच्या घराण्यात शेवटच्या आकाराला जरा नाकातून ओढ लागते. मी 'अना हुना' म्हणजे 'मी इथे आहे' असं हजेरीला म्हणायला शिकवलं होतं. किसन ते 'अना हुनां' म्हणायचा, अगदी माझ्या नाकासकट. वर्ग हसायचा आणि मलाही हसू यायचं.

मी त्याला म्हणालो, "किसन, हे पुस्तकी झालं. तिथे गेलास की 'हिना' म्हण."

"म्हनतो की," तो म्हणाला, "पन मास्तर, तुमची भाषा ऐकायला ग्वाड लागती."

त्याच्याबरोबर त्याच्याच आळीतला महादू जाणार होता. त्याला मी म्हटलं, तूही येत जा. तो म्हणाला, "आमचं काम हातानं बोलतंय, मास्तर. किसन्या हाय की बोलायला." दोघे अदनच्या बाहेर पाण्याचे नळ टाकणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागले. मी त्यांना बोटीच्या आदल्या दिवशी स्टेशनात निरोप दिला आणि दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मागे लागलो.

वर्षभराने महादू एकटा परत आला. त्याला आणून पोचवलं असं म्हणणं बरोबर. पाय मोडलेला, डोक्याला मार, आणि तोंडातून शब्द नाही. किसनबद्दल ठेकेदाराचा निरोप एवढाच होता, की तो काम सोडून निघून गेला. आळीने त्याचा हवा तो अर्थ लावला. तिकडे बाई ठेवली असणार. किसनची बायको तानुबाई कपाळभर कुंकू लावून शेतावर जायची आणि लोक तिच्याकडे बघून गप्प व्हायचे. तिच्या भावांनी काडीमोड घेऊन दुसरीकडे पाट लावायचं घाटलं. ती म्हणायची, आधी कळू द्या, तो गेला का पळाला.

त्याच सुमारास पिंपरीला नवा औषधाचा कारखाना सुरू झाला आणि त्याचा भोंगा वाऱ्यावर गावठाणापर्यंत ऐकू येऊ लागला. एके सकाळी वर्ग चालू असताना तानुबाई जिना चढून वर आली आणि दारातच उभी राहिली.

"मास्तर, महादूभावजी बोलाया लागलेत," ती म्हणाली. "रोज दुपारच्या भोंग्याला. मराठी न्हाई बोलत. माशी माशी करत्यात. माशी म्हंजी काय?"

मी तिला खाली बसायला सांगितलं आणि सगळं नीट विचारलं. महादूच्या आईला, गजराबाईंना, वाटलं होतं पोराच्या अंगावर माश्या बसतात. त्यांनी घरभर पावडर फवारून घेतली आणि खाटेवर मलमलीचा पडदा बांधला. मग कुणीतरी देहूरोडच्या बाजूचे, कुराण तोंडपाठ असलेले एक हाफिजसाहेब आणले. त्यांनी अदबीने ऐकून घेतलं आणि सांगितलं, की 'माशी' म्हणजे पायी चालणारा. त्यांचं काही चुकलं नव्हतं, ग्रंथात तोच अर्थ आहे. तानुबाईने त्यावर आशा बांधली होती. किसन चालत निघालाय, कुठल्या तरी वाटेवर आहे. आळीनेही तोच अर्थ उचलला, चालता झाला म्हणून.

"हाफिजसायेब म्हनले चालनारा," ती म्हणाली. "तुमी काय म्हनता?"

त्या शब्दाचे आणखी दोन अर्थ मला ठाऊक होते. कैरोत 'माशी' म्हणजे ठीक आहे, चालेल, झालं. अदनच्या मागच्या डोंगरात 'माशी' म्हणजे नाही. एकच शब्द, एकाचा होकार आणि दुसऱ्याचा नकार. बोलणारा कुठला, हे कळल्याशिवाय अर्थ सांगणं म्हणजे अंधारात बोट दाखवणं होतं. मी वर्ग सोडला आणि तिच्याबरोबर निघालो.

गावठाणात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आळीत माणूस नव्हतं. बाहेरच्या उजेडातून आत गेल्यावर काही वेळ मला नुसता पांढरा पडदा दिसला. घरात पावडरीचा उग्र वास होता आणि खरोखरच एकही माशी नव्हती. गजराबाई म्हणाल्या, "बगा, येक न्हाई. तरी ह्यो माशी माशी करतुय." पडद्याआड महादू उताणा पडला होता. डोळे उघडे होते, पण त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

भोंगा झाला. आधी लांबून बारीक, मग चढत गेला. महादू खाटेवर उठून बसला. गजराबाई भिंतीला टेकल्या आणि पदर तोंडाला लावला.

"ऊम," तो म्हणाला. "ऊम, ऊम."

"कन्हतोय," गजराबाई पुटपुटल्या. तो कण्हत नव्हता. घशातली ती बारीक अडखळ मी ओळखली. कैरोतला माणूस कुणाला तरी 'ऊठ, ऊठ' म्हणत होता. पाठोपाठ त्याच चढ्या, घाईच्या स्वरात, "हुव्वा फेन, इत्तानी?" तो दुसरा कुठे आहे?

मग महादूची मान किंचित वळली आणि आवाज बदलला. हा जड होता, थकलेला, वयस्कर. "फोक़ माशी," तो आवाज म्हणाला. त्यातला क़ाफ पडजिभेपासून आला, स्वच्छ, डोंगरातल्या माणसाचा. माझ्या वर्गाची पायरी न चढलेल्या, एक अक्षर न शिकलेल्या महादूच्या गळ्यातून तो आला.

मान परत वळली. पहिला आवाज सुटका झाल्यासारखा म्हणाला, "माशी." आणि महादू आडवा झाला. भोंगा उतरत गेला आणि थांबला.

घरातल्यांना दोन माश्या ऐकू आल्या. मला जे ऐकू आलं ते असं होतं. कैरोच्या माणसाने विचारलं, दुसरा कुठे आहे. डोंगरातला म्हणाला, वर नाही. म्हणजे वर आलेला नाही, अजून खाली आहे. पण कैरोवाल्याच्या कानाला ते लागलं, वर आहे, ठीक आहे. तो म्हणाला, ठीक. आणि निघून गेला. दोघे अरब, दोघांची भाषा अरबी, आणि त्या एका शब्दाच्या फटीत कुणीतरी राहिला होता. ज्यांच्यात ते बोलणं झालं त्यांना ते कळलं नव्हतं. ज्याने ते ऐकलं त्याला ती भाषा येत नव्हती.

तानुबाई दारापर्यंत माझ्यामागे आली. "सांगा की, मास्तर," ती म्हणाली.

"उद्या आणखी एकदा ऐकतो," मी म्हणालो. "एका ऐकण्यावर सांगायची गोष्ट नाही ही."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिला काही कळलं असावं, पण ती हो म्हणाली.

त्या रात्री मला झोप अशी लागली नाही. दुभाष्याचं काम साधं असतं, एकाचं दुसऱ्याला सांगायचं. लष्करात मी ते पुष्कळ केलं होतं. पण इथे बोलणारे दोघे समुद्रापलीकडे होते, आणि त्यांचं बोलणं रोज भोंग्याला नव्याने होत होतं, रोज त्याच ठिकाणी चुकत होतं. माझ्या मनात आलं, की दुभाषा हजर असता तर त्याने काय केलं असतं? त्या दोन शब्दांच्या मध्ये तो बोलला असता. हा विचार शहाण्या माणसाचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडदा बाजूला करून महादूच्या खाटेजवळ पाटावर बसलो. गजराबाई आणि तानुबाई चुलीकडे उभ्या होत्या. भोंगा चढला. महादू उठून बसला. ऊम, ऊम. हुव्वा फेन, इत्तानी? मान वळली. फोक़ माशी. मान परत वळायला लागली, तेवढ्यात मी कैरोच्या बोलीत मोठ्याने म्हणालो, "ला. मिश हिना. तहत." नाही. तो इथे नाही. खाली आहे.

महादूची मान अर्ध्यावरच थांबली. भोंगा चालू होता, पण घरात तो लांब गेल्यासारखा वाटला. महादूचे डोळे माझ्यावर होते आणि ते मला पाहत नव्हते. मग त्याचे ओठ जेमतेम हलले आणि आतून, खोलातून, दाबल्यासारखा तिसरा आवाज आला.

"अना हुनां."

तो उच्चार माझा होता. शेवटचा आकार नाकातून ओढलेला, आमच्या घराण्याचा. जगात कुठल्या बाजारात, कुठल्या बंदरात अरबी अशी बोलत नाहीत. ती फक्त वखारीवरच्या माझ्या खोलीत बोलली जात होती.

"अना हुनां. अना हुनां."

महादू खाटेवरून खाली घसरला. मोडका पाय ओढत तो सारवलेल्या जमिनीवर पालथा झाला आणि दोन्ही हातांनी जमीन उकरायला लागला. नखांत शेण-माती भरली. गजराबाई त्याला धरायला धावल्या, मी त्यांना हाताने थांबवलं. तो उकरत राहिला, आणि उकरता उकरता त्याच्या स्वतःच्या आवाजात, गावठाणातल्या मराठीत बोलला, "किसन्या, हात दे. हात दे, किसन्या." मग तो रडायला लागला. तेव्हा भोंगा केव्हाच थांबला होता.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने सगळं सांगितलं. नळासाठी खोल चर खणला होता. दोघे आत होते. दुपारच्या सुट्टीचा भोंगा होत असतानाच वाळूची बाजू ढासळली. महादू कडेला होता, त्याला ओढून काढलं. उठवायला आला तो मिसरी, म्हणजे कैरोकडचा, मुकादम. डोंगरातला म्हातारा मजूर फावडं घेऊन शेजारी होता. दोघे दोन शब्द बोलले आणि मुकादम महादूला चराच्या कडेलाच निजवून बाकीच्यांना घेऊन सावलीकडे गेला. म्हातारा त्याच्यामागे ओरडत गेला, पण भोंग्यात कुणाला ऐकू गेलं नाही, आणि भोंगा थांबेपर्यंत चर पुरता बुजला होता.

"माझ्या तोंडात वाळू व्हती," महादू म्हणाला. "बोलाय जाऊ तर निसती वाळू. आन खालनं किसन्या बोलत व्हता. आदी मराठीत. मंग मला म्हनला, मराठीत हाका मारून कोन येनार हितं, मास्तरांच्या भाषेत मारतो. त्येच त्येच बोलत ऱ्हायला. मंग थांबला."

चुलीतली लाकडं विझत आली होती. मग मी त्यांना चार अर्थ सांगितले, जसे वर्गात सांगतो तसे, हळू आणि क्रमाने. घरातली माशी, ग्रंथातला चालणारा, कैरोचं ठीक, डोंगरातलं नाही. महादू ऐकत होता आणि मान हलवत होता. हे बोलणं त्याच्या डोक्यात इतके महिने फिरत होतं आणि त्याचा अर्थ त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. त्यानंतर भोंग्याला तो कधी उठून बसला नाही, असं गजराबाईंनी पुढे मला सांगितलं.

मी सगळा वेळ तानुबाईकडे बघायचं टाळत होतो. ती जमिनीवर महादूने उकरलेल्या जागी बसली होती आणि सुटलेली माती हाताने सारखी करत होती.

"मंग इचारलं व्हतं त्येंनी," ती म्हणाली. "दुसरा कुठाय म्हून."

"हो," मी म्हणालो. "विचारलं होतं."

"आन ह्येंनी सांगितलं. हितं हाय म्हून."

"हो. अगदी बरोबर सांगितलं. शुद्ध."

ती उठली. दारात जाऊन उभी राहिली. आळीत आता जेवणं उरकून बायका ओट्यावर आल्या होत्या. "पळाला न्हाई त्यो," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "जागेवरच व्हता. हाका मारत व्हता."

मग आत वळून तिने गजराबाईंकडे कपाळ धुवायला पाणी मागितलं.